भाराइतका गूळ

पोखर्णी,
३ नोव्हेंबर २०२५

ती. आत्या,

राजेश्रीचा नमस्कार. पत्र बघून घाबरू नका, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन न करता लिहिते, कारण मागच्या रविवारी फोनवर काय झालं ते तुम्हाला कळलंच नाही. तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून वहिनी फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवतात. तुम्ही माझं वजन विचारलंत, मी सांगितलं, आणि तुमच्याआधी ओट्यासमोरचा भाजीवाला "आरं देवा" म्हणाला. ताडकळसच्या बाजारात आता मेथीबरोबर माझाही भाव निघत असेल. कागद तरी तुम्ही एकट्या वाचाल.

आत्या, मी नुसती फुगत चालले आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचे ड्रेस आता खांद्यावरून खाली उतरत नाहीत. आणि खाते म्हणावं तर तसंही नाही. आईनं गुळाच्या डब्याला कुलूप घातलं आहे आणि मला अर्धी भाकरी वाढून समोर बसते, जणू ती उरलेली अर्धी मी चोरणार आहे. मानेवर काळी वळी पडली आहे. आई ती रोज वजरीनं घासते. मान सोलून निघाली, काळं तसंच. पाळी तीन-तीन महिने येत नाही. हनुवटीवर केस यायला लागलेत. हे शेवटचं वाचून झालं की पत्र चुलीत घाला.

आई-आण्णांबरोबर परभणीला डॉक्टर धम्मशीला मॅडमकडे गेले होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, घरात असं कुणाला होतं का, आजी, आत्या, कुणाला? आई म्हणाली, आमच्याकडं असलं काही नाही. दाराबाहेरून आण्णा म्हणाले, आमचं घराणं लोखंडी आहे. मॅडमनी रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी लिहून दिली. ती चिठ्ठी आण्णांनी खिशात घातली आणि अजून बाहेर काढलेली नाही.

त्यांचं म्हणणं वेगळंच आहे. मी लहानपणी आजारी पडले तेव्हा तुम्ही नरसिंहाला बोललेला नवस अजून फेडला नाही, म्हणून हे होतंय. ते मला समोर बसवून म्हणाले, "हे देवाचं व्याज हाय. आपण नवस थकवला, तर त्यो पोरीच्या अंगावर चढवायलाय. व्याज थांबवायला गोळी नसती. मुद्दल द्यावं लागतं." आई म्हणते, आधी पोरगी उतरवू आणि मग नवस फेडू, नाहीतर गुऱ्हाळच विकत घ्यावं लागेल. दोघांच्या भांडणात दवाखाना राहिला बाजूला.

त्यात जिंतूरचं स्थळ आलं आहे. मुलाचं नाव रविकांत, खताबियाण्याचं दुकान आहे. आण्णांना वाटतं, तपासण्या केल्या तर पोरगी रोगी म्हणून बोभाटा होईल.

मला भीती वाटते आत्या. अंगात काय चाललंय ते मला कळत नाही आणि कुणी बघू देत नाही. तुमचा शब्द आण्णा खाली पडू देत नाहीत. त्यांना एवढंच सांगा की पोरीला तपासू दे. आणि मॅडमनी विचारलं त्याचं उत्तर माहीत असेल तर तेही कळवा.

तुमची,
राजी


ताडकळस,
१० नोव्हेंबर

चि. राजीस अनेक आशीर्वाद.

मी सातवी पास, पण लग्न झाल्यापासून कुणाला पत्र लिहिलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नको. तुझं पत्र चुलीत घातलं. त्यावर चहा झाला.

नवस मीच बोलले होते. तू दीड वर्षाची असशील. तापानं डोळे फिरवलेस. मी देवळाच्या पायरीवर बसून म्हटलं, पोर उठू दे, लग्नाआधी हिच्या भाराइतका गूळ गावाला वाटीन. तेव्हा तुझा भार म्हणजे दोन कोंबड्या. आज देऊ उद्या देऊ करता राहून गेलं. पण देव असा सावकारासारखा वागत नाही. बन्सी लहानपणापासून असाच. एकदा म्हैस आटली तर म्हणाला, तिला कुणीतरी घालूनपाडून बोललं असेल.

डॉक्टरीणबाईनं विचारलं त्याचं उत्तर असं की आपल्या घरात कुणाला काही नव्हतं. तुझी आजी अंगानं भरलेली होती, ती खात्यापित्या घरची म्हणून. उलट आपल्या घरातल्या बायकांवर देवाची मेहेरबानी. बाकीच्या बायकांसारखं महिन्याच्या महिन्याला बाहेर बसावं लागत नाही. सहा सहा महिने सोवळ्यात. तुझ्या आजीला गावभर पुरणावरणाला बोलवायचे, कारण ती कधी अडचणीत नसायचीच. असा मान दुसऱ्या घराला नव्हता.

आता तू लग्नाची झालीस, तर कुळाचार पाळ. आपल्या घरच्या लेकी मान उघडी टाकत नाहीत. ओढणी गळ्याभोवती दोन वेढे घेऊन मागं टाकायची. का म्हणून विचारू नको, माझ्या आईनंही विचारलं नव्हतं. पत्रासोबत रुमालात चांदीचा चिमटा पाठवते. तो आपल्या घरच्या लेकींचा. आजीनं मला दिला, मी तुला देते. रानात काटा रुतला तर काढायला. एकटी असताना वापर, चांदी आहे, कुणाची नजर लागेल.

मेथ्या भिजवून खा. दुपारी झोपू नको. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, एवढं ध्यानात ठेव.

तुझी आत्या,
धुरपता


पोखर्णी,
१७ नोव्हेंबर

ती. आत्या,

चिमटा मिळाला. कापूस वेचताना बाभळीचा काटा पायात रुतला तेव्हा मुद्दाम वापरून पाहिला. काटा निघत नाही. टोकं इतकी बारीक की काट्यावरून घसरतात. शेवटी आईच्या सेफ्टीपिनेनं काढला.

मग आरशासमोर बसले आणि तोच चिमटा हनुवटीवर लावला. आत्या, पहिल्याच ओढीला केस मुळासकट आला. सोनारानं तो कशासाठी घडवला ते लपायला जागाच ठेवली नाही.

मग भिंतीवरचा तुमच्या लग्नातला फोटो उतरवून पाहिला. आजी, तिची बहीण, तुम्ही, सगळ्यांच्या गळ्याभोवती पदराचे वेढे. वैशाखातलं लग्न, बाकीच्या बायका पदरानं वारा घेतायत आणि आपल्या घरच्या तेवढ्या कानटोपी घातल्यासारख्या गुंडाळलेल्या. कुळाचार म्हणे. मॅडमनी जी लक्षणं विचारली ती सगळी आपल्याकडे आहेत. फक्त एकाचं नाव मेहेरबानी, दुसऱ्याचं कुळाचार आणि तिसऱ्याचं चांदीचा वारसा.

इकडे गावाला आनंदाचं भरतं आलंय. आण्णांनी नवस फेडायचं जाहीर केल्यापासून दोन पक्ष पडलेत. आई मला उपाशी ठेवते आणि गाव मला खाऊ घालतं. महारुद्र काका म्हणजे बैलबाजारातले जाणते, नुसतं बघून जनावराचं वजन सांगणारे. गूळ वाटायचं काम त्यांच्याकडे. ते दर शनिवारी येतात, अंगणातून मला निरखतात आणि खूश होऊन जातात. परवा आण्णांना म्हणाले, "पोरगी चांगली भरायलीय. वाटा मोठा येतोय." शेजारची तर दुधाचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, पी माय, आमच्या घरात खाणारी लय हायत.

जिंतूरची मंडळीही येऊन गेली. रविकांतची आई माझ्या ओढणीकडेच बघत होती. ओढणी काढायला सांगायला ती शब्द शोधत होती आणि मी चहाचे कप शोधत होते.

तुम्ही म्हणता झाकली मूठ. मूठ झाकता येते हो, मान किती दिवस झाकणार? मी मॅडमना एकटी जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, हा शाप नाही आणि तुझी चूकही नाही, असं घराण्यातून येऊ शकतं, वेळेवर पाहिलं तर आवरता येतं. नाही पाहिलं तर पुढं साखर, पुढं मूल होताना त्रास. आत्या, तुम्ही एकदा या. आण्णांसमोर एकच वाक्य बोला, "मलाही होतं." बाकीचं मी बघते.

राजी


ताडकळस,
२४ नोव्हेंबर

चि. राजी,

असलं काही कागदावर लिहायचं न्हाई. सुनेनं पत्र फोडलं असतं तर? तुला शिकवून बन्सीनं चूक केली असं मला पहिल्यांदा वाटलं.

तू एकटीचा विचार करतेस. मी बोलले तर फक्त माझं निघत नाही. आज धुरपताला होतं म्हणतील, उद्या माझ्या मुलाच्या पोरीला, निकिताला, उंबऱ्यात उभं करणार नाहीत. लोकांना दुखणं कळत नाही, खोट तेवढी कळते. माझ्या सासूनं मला अकरा वर्षं काय काय म्हटलं ते तुला ठाऊक नाही आणि मी सांगणारही नाही.

नवस फेडा, गूळ वाटा, लग्न करून मोकळी हो. मला बोलवू नको. एसटीत बसलं की माझे गुडघे धरतात.

धुरपता

ता. क. तो चिमटा परत पाठव. निकिता शोधायलीय.


पोखर्णी,
३० नोव्हेंबर

ती. आत्या,

चिमटा त्याच रुमालात परत पाठवला आहे.

निकिता आठवीत आहे आणि तिनं रान फक्त सहलीत पाहिलंय. तिला कसला काटा रुतला, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

गूळतुला १३ डिसेंबरच्या शनिवारी आहे. आण्णा कापसाचा जुना तराजू घासतायत, आणि मला आता त्यांच्याशी भांडायचा कंटाळा आला आहे. तुम्हाला येता येणार नाही ते मी त्यांना सांगितलं.

राजी


पोखर्णी,
२८ डिसेंबर

ती. आत्या,

पंधरा दिवस झाले, तुमचं पत्र नाही. तुम्ही त्या दिवशी कुणाशी न बोलता दुपारच्याच एसटीनं गेलात. तुम्हाला वाटत असेल तिथं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही ते नुसतं पाहिलंत. ऐकू कुठं आलं? म्हणून मी सांगते.

तुम्ही यायच्या आधीचा तमाशा तुमचा चुकला. देवळासमोरच्या लिंबाला तराजू टांगला होता. एका पारड्यात मी, पाय पोटाशी घेऊन. दुसऱ्यात आण्णा स्वतःच्या हातानं ढेपा ठेवत होते. आईनं त्यांना माझं वजन मनाला येईल तेवढं कमी सांगितलेलं, त्यामुळे गूळ संपला आणि मी जमिनीलाच. लोक हसायला लागले. कुणी म्हणालं, दगड ठेवा, हिशेब मागून करू. कुणी म्हणालं, पोरीच्या पायातली जोडवी काढा, माझं लग्न झालेलं नाही हे विसरून. जिंतूरची मंडळी पुढच्याच रांगेत. महारुद्र काका घरोघरी उसना गूळ मागायला माणसं पाठवत होते. आण्णांचा चेहरा पाहवत नव्हता. मी डोळे मिटून घेतले होते. मला त्या पारड्यात मरून जावंसं वाटलं, हे खरं सांगते.

डोळे उघडले तर समोर तुम्ही. पिशवी खाली ठेवलीत, ढेपा उतरवायला लावल्यात आणि दुसऱ्या पारड्यात जाऊन बसलात. आत्या, माझं पारडं वर आलं, तुमचं खाली गेलं आणि काटा मधोमध उभा राहिला. हसणारे पुढं सरकून काटा बघायला लागले. तुम्हाला ऐकू आलं नाही, पण महारुद्र काका म्हणाले, "काय जोडी हाय. अशी बाजारात मिळत न्हाई."

मग तुम्ही आण्णांना जवळ बोलावलंत, पदराचे वेढे सोडून मान उघडी केलीत आणि त्यांच्या कानाशी लागलात. तुम्हाला वाटलं तुम्ही हळू बोललात. आत्या, रस्त्यावरच्या रसवंतीपर्यंत ऐकू गेलं. "बन्सी, हे व्याज न्हाई. हे आपल्या घरचं हाय. आईला होतं, मला हाय, आता निकिताला सुरू झालंय. मला अकरा वर्षं लेकरू न्हाई झालं ते याच्यानंच. मला वांझ म्हणणाऱ्याच्या अंगावर तू काठी घेऊन गेलतास, मग आता हिच्यासाठी दवाखान्यात जायला काय झालं?" हे शब्द सगळ्या गावानं ऐकले. हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून छातीवर दगड ठेवून लिहिते.

आण्णा खाली बसले. त्यांनी तुमचे पाय धरले ते तुम्ही पाहिलंत. "आक्का, मला का न्हाई सांगितलं?" असं ते म्हणत होते, ते तुम्ही ऐकलं नाहीत.

सोमवारी त्यांनी स्वतः मला मोटारसायकलवर परभणीला नेलं. दवाखान्यात मॅडमनी काही विचारायच्या आत आण्णा म्हणाले, माझ्या आईला होतं, बहिणीला आहे, तिच्या नातीला सुरू झालंय, लिहा. जणू सातबाऱ्यावर वारसांची नोंद करायला आलेत. पीसीओडी निघालं, थायरॉईडही जरा सुस्त. गोळ्या सुरू आहेत, सकाळी चालायला जाते, आणि मॅडमनी आईला दटावलं की उपाशी ठेवू नका. गुळाच्या डब्याचं कुलूप आता पेटीला आहे. वजन अजून फारसं हललं नाही, पण मी रात्री झोपते.

जिंतूरहून रविकांतच्या आईचा फोन आला. लग्नाचं काही बोलल्या नाहीत. त्यांच्या लेकीसाठी, राणीसाठी, मॅडमचा नंबर मागितला, आणि मी चिमट्याचं सांगितलं तर फोन ठेवता ठेवता तो कोणत्या सोनाराकडचा तेही विचारलं.

गावात मात्र वेगळाच पेच पडलाय. नवस होता माझ्या भाराइतकं वाटायचा. समोरच्या पारड्यात होता तुम्ही. म्हणजे वाटायच्या तुम्ही. पारावर तीनदा बैठक झाली. एक पक्ष म्हणतो, धुरपताबाई आता देवाच्या, त्यांना गूळ देऊन सोडवून घ्या. महारुद्र काका म्हणतात, गूळ वाटता येतो, बाई कशी वाटायची? तुम्हीच काय ते कळवा.

आणि रागावू नका. तुमचं गुपित मी फोडलं नाही, ते तुमच्या कानांनी फोडलं.

राजी


ताडकळस,
१२ जानेवारी २०२६

चि. राजीस अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, कारण मीही दवाखान्यात जाऊन आले. निकिता सोबत होती. सुनेनं आधी तोंड फुगवलं, मग तीच रिक्षा घेऊन आली. मला साखर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी का नाही आलात? मी म्हटलं, आमच्यात याला सोवळं म्हणत होते. त्या इतक्या हसल्या की मला ऐकू आलं.

निकिताला मी आईचं सगळं सांगितलं, माझंही सांगितलं. सासूनं ताट वेगळं केलं होतं तेही सांगितलं. सांगता सांगता रडू आलं. एवढी वर्षं ते गळ्यात अडकलं होतं, पदराखाली. पोरीनं माझी मान तेल लावून चोळली आणि म्हणाली, आजी, माझ्यासारखीच आहे. चिमटा तिच्याकडेच आहे. आता खिडकीत बसून उघड्यावर वापरते.

गावाला सांग, पारावर भांडत बसू नका. नवस फिटला. धुरपता देवानं आधीच वाटून टाकली आहे. थोडी तुझ्यात आली, थोडी निकितात. उरलेली ताडकळसला संक्रांतीचे लाडू वळायलीय. पिशवीभर पाठवते, महारुद्राला दोन जास्त दे. माणूस जोडी बरोबर ओळखतो.

तू गोळ्या चुकवू नको. लग्न व्हायचं तेव्हा होईल, ओढणी मात्र उन्हाळ्यात घालू नको.

तुझी आत्या,
धुरपता

ता. क. त्या दिवशीचं लिहून तू उगीच जिवाला लावून घेतलंस. माझे कान गेलेत, अक्कल नाही. माझा आवाज किती लांब जातो ते मला चांगलं ठाऊक आहे. एकट्या बन्सीलाच सांगायचं असतं, तर मी पत्र लिहिलं असतं.